आजोबा नव्वद वर्षे जगले, ते बिडीमुळे नव्हे!

"डाक्टरसायब, आमचा बुढा बिड्या ओढू ओढू नव्वद वर्सं जगला. मले काय होते?"

तंबाखू सोडण्याचा विषय काढला की हे उत्तर ठरलेले असते. समोर मेहकरचा दुकानदार असो, मोताळ्याचा कास्तकार असो, नाहीतर जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी असोत, प्रत्येकाच्या घराण्यात असा एक तरी आजोबा निघतोच. त्यांनी आयुष्यभर बिडी ओढलेली असते, तुपाची धार कधी सोडलेली नसते, दवाखान्याची पायरी चढलेली नसते आणि तरीही ते नव्वदीत काठी न घेता शेतात जात असतात. हा दाखला इतका ठसठशीत असतो की त्याच्यापुढे डॉक्टरांचे पुस्तकी बोलणे फिके पडते.

वाचकहो, आजचा लेख या आजोबांवरच लिहायचे ठरवले आहे. माणूस दीर्घायुषी कशाने होतो, त्यात रोजच्या सवयींचा वाटा किती, मनाचा वाटा किती आणि आपल्या हाती नसलेल्या गोष्टींचा वाटा किती, याचा थोडा हिशेब मांडून पाहू.

जे राहिले ते दिसतात

प्रथम एक साधा प्रश्न. आजोबा नव्वद वर्षे जगले हे खरे मानू. पण त्यांच्या बरोबरीने गोट्या खेळलेली, त्यांच्याच बिडीवर बिडी पेटवणारी मंडळी कुठे गेली? त्यांच्यापैकी कोणी पन्नाशीत छातीत कळ येऊन गेला असेल, कोणी दम्याने, कोणी क्षयाने. त्यांची आठवण काढायला आज कोणी उरलेले नाही. पारावर बसलेला जो म्हातारा दिसतो, तो शंभरातून वाचलेला एक असतो. वाचलेल्या एकाकडे पाहून गेलेल्या नव्याण्णवांच्या चुकीला सवय म्हणणे हा हिशेब उलटा झाला.

स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात जन्मणाऱ्या मुलाचे सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षांचे होते. आज ते सत्तरच्या आसपास आहे. 'जुनी माणसे जास्त जगत' हा समज म्हणूनच खरा नाही. जुन्या काळी पुष्कळ मुले पाच वर्षांच्या आतच जात, बाळंतपणात बाया जात, पटकी आणि देवीच्या साथीत घरेच्या घरे रिकामी होत. १९१८ च्या मानमोडीच्या तापाने तर गावेच्या गावे ओस पडल्याचे जुने लोक सांगत. आयुष्य वाढले ते लस, स्वच्छ पाणी, प्रतिजैविक औषधे आणि पोटभर अन्न यांमुळे. याचे श्रेय कोणाच्या एकट्याच्या सवयीला नाही.

वयाचीही एक गंमत आहे. जुन्या माणसांचा जन्म कागदावर नसे. 'मोठा पूर आला त्या साली', 'दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षी' अशा खुणांवरून वय काढले जाई, आणि सत्तरी ओलांडली की दर वर्षाला दोन वर्षे चढत. एकशे वीस, एकशे तीस वर्षांच्या बाबांच्या बातम्या अधूनमधून येतात, त्यांची जन्माची नोंद मात्र कोणी दाखवत नाही. भक्कम पुराव्यानिशी सिद्ध झालेले सर्वांत मोठे आयुष्य फ्रान्समधील झान काल्मां या बाईंचे आहे. त्या १९९७ साली १२२ व्या वर्षी वारल्या.

डॉक्टरांनीच डॉक्टरांवर केलेला प्रयोग

एका माणसाच्या दाखल्याला दुसऱ्या एका माणसाच्या दाखल्याने उत्तर देता येत नाही. तिथे हजारो माणसे मोजावी लागतात. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोघांनी हे काम केले. १९५१ साली त्यांनी तिथल्या सुमारे ३४ हजार पुरुष डॉक्टरांना पत्रे लिहून त्यांच्या धूम्रपानाची माहिती घेतली आणि पुढे पन्नास वर्षे कोण कधी आणि कशाने वारला याची नोंद ठेवली. २००४ साली जो निष्कर्ष छापून आला तो प्रत्येकाने खिशात ठेवावा असा आहे.

सिगारेट ओढत राहणारे डॉक्टर, न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी १० वर्षे आधी वारले. पण यापेक्षा महत्त्वाचा भाग पुढेच आहे. ज्यांनी साठाव्या वर्षी सोडली त्यांना ३ वर्षे परत मिळाली. पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांना ६, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांना ९ आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांना जवळजवळ सगळीच्या सगळी १०. "आता काय, अर्धे आयुष्य गेले, सोडून काय फायदा?" असे म्हणणाऱ्यांसाठी हे उत्तर आहे. डॉल स्वतः तरुणपणी सिगारेट ओढत. आपलेच आकडे पाहून त्यांनी वयाच्या सदतिसाव्या वर्षी ती सोडली आणि ते ९२ वर्षे जगले.

आपल्याकडे सिगारेटपेक्षा तळहातावर मळलेली तंबाखू, मिश्री आणि गुटखा यांचा प्रश्न मोठा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात दर चार प्रौढांमागे साधारण एक जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होता, आणि त्यांतील बहुतेक जण ती ओढत नव्हते, खात होते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुडी कुठे मिळते हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. धूर निघत नाही म्हणजे धोका नाही असे समजू नका. ज्या गालात चिमूट ठेवता, त्याच गालात पांढरा चट्टा उठतो, तोंड उघडेनासे होते, आणि त्यातून पुढे कर्करोग उद्भवतो. दात घासायची म्हणून मिश्री लावणाऱ्या आमच्या आयाबहिणींनाही हे तितकेच लागू आहे.

ड्रायव्हर आणि कंडक्टर

हालचालीचा हृदयाशी काय संबंध आहे, हे लंडनच्या बसगाड्यांत उलगडले. तिथल्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून असे, तर कंडक्टर तिकिटे फाडत रोज शेकडो पायऱ्या चढे-उतरे. दोघांची कंपनी एक, वस्ती साधारण सारखी, पगारातही फार अंतर नाही. जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ साली दाखवून दिले की कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी होता, झाला तर उशिरा होई आणि त्यातून वाचण्याचे प्रमाणही जास्त असे. पुढे त्यांनी गणवेशाची मापे पाहिली, तर ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर मोठी! टपाल खात्यातही तेच निघाले. पायी हिंडून पत्रे वाटणारा पोस्टमन खुर्चीवरच्या कारकुनापेक्षा सुरक्षित होता.

मॉरिस स्वतः म्हातारपणापर्यंत नियमाने व्यायाम करत आणि ९९ वर्षे जगले. त्यांच्या संशोधनाचा पुरावा म्हणून मी हे सांगत नाही, कारण एका माणसाच्या दाखल्याने सिद्ध काहीच होत नाही हे आपण आताच ठरवले. पण जो आपण सांगतो ते स्वतः करतो, त्याच्याबद्दल विश्वास वाटतो एवढे खरे.

सात साध्या सवयी

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील अलामेडा जिल्ह्यात १९६५ साली सुमारे सात हजार लोकांना त्यांच्या रोजच्या वागण्याविषयी विचारले गेले. लेस्टर ब्रेस्लो आणि नेड्रा बेलॉक या संशोधकांनी त्यातून सात सवयी निवडल्या. त्या वाचून तुम्ही म्हणाल, हे तर माझी आजीही सांगत होती. धूम्रपान न करणे, दारू न घेणे किंवा बेतानेच घेणे, सात-आठ तास झोप, नियमित व्यायाम, वजन आटोक्यात, सकाळची न्याहारी न चुकवणे आणि दोन जेवणांच्या मध्ये तोंड न चालवणे.

यांपैकी सहा-सात सवयी पाळणारा ४५ वर्षांचा पुरुष, तीन किंवा त्याहून कमी सवयी पाळणाऱ्या त्याच वयाच्या पुरुषापेक्षा सरासरी ११ वर्षे जास्त जगेल असे दिसले. बायकांच्या बाबतीत हा फरक ७ वर्षांचा होता. या यादीत ना कुठले महाग टॉनिक आहे, ना परदेशी फळ. एकेक सवय पाहिली तर क्षुल्लक वाटते, पण थेंबे थेंबे तळे साचे तसा हा हिशेब वर्षानुवर्षे साचत जातो. ब्रेस्लो स्वतः २०१२ साली ९७ व्या वर्षी वारले.

आजोबांची बिडी आठवते, पायपीट आठवत नाही

आता पुन्हा आपल्या आजोबांकडे वळू. त्यांच्या आयुष्याची आपण फक्त एक बाजू लक्षात ठेवली आहे. बिडी आठवते, तूप आठवते. पण सकाळी उठून चार-पाच किलोमीटर शेतावर पायी जाणे, दिवसभर वखर-डवरा हाकणे, संध्याकाळी डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन परतणे, हे आठवत नाही. आठवडी बाजारालाही ते पायीच जात. रात्री आठ-साडेआठला जेवण उरकून अंथरुणाला पाठ टेकत आणि कोंबड्याच्या बांगेला उठत. तूप खात, पण जिरवत. बिडीने त्यांचे जे नुकसान केले, त्याची थोडीफार भरपाई बाकीच्या दिनचर्येने केली असेल. नातवाने बिडी उचलली आणि दिनचर्या टाकून दिली!

आपल्या जिल्ह्याचे खाणेपिणे एका पिढीत किती बदलले ते पाहा. ज्वारीची किंवा कळण्याची भाकर, अंबाडीची भाजी, तुरीचे वरण, ठेचा आणि कांदा हे रोजचे जेवण होते. आता शेतात ज्वारीऐवजी सोयाबीन उभे आहे, ताटात गव्हाची पोळी आणि भात आला आहे, आणि चहाच्या टपरीवर सकाळीच आलूबोंड्याची कढई चढते. शेगावची कचोरी मलाही आवडते. वारीला गेल्यावर एक खावी, त्याने कोणी मरत नाही. पण ती रोज सकाळी कागदात बांधून घरी यायला लागली, तर गोष्ट वेगळी. शेतावर मोटारसायकल जाते, पेरणी-मळणी यंत्राने होते, आणि संध्याकाळ मोबाईलपुढे जाते.

जुने दिवस परत आणा असे मी म्हणणार नाही. जात्यावर पहाटे दळणाऱ्या बाईला त्यातून सुटका मिळाली हे चांगलेच झाले. पण शरीराला जेवढे काम कमी पडते, तेवढे दुसरीकडून द्यावे लागते. खामगाव ते शेगाव पालखीबरोबर चालणारे हजारो लोक आपण दरवर्षी पाहतो. त्या दिवशी पंधरा-सोळा किलोमीटर अंतर त्यांना जड वाटत नाही. तेच पाय उरलेले वर्षभर चौकातल्या किराणा दुकानापर्यंतही गाडीशिवाय जात नाहीत. वर्षातून एकदा पंधरा किलोमीटर चालण्यापेक्षा रोज तीन किलोमीटर चालणे हृदयाला अधिक मानवते. बुलढाण्यात राहणाऱ्यांना तर अजिंठ्याच्या डोंगराची हवा फुकट मिळाली आहे. राजूर घाटाच्या वाटेला पहाटे फिरायला जाणाऱ्यांत तुमचाही एक जोड पाय असू द्या.

मनाचा वाटा

"मन प्रसन्न ठेवा, शंभर वर्षे जगा" हे वाक्य सगळीकडे ऐकू येते. त्यात तथ्य किती?

अमेरिकेतील काही ख्रिस्ती जोगिणींचा अभ्यास या बाबतीत प्रसिद्ध आहे. मठात शिरताना, म्हणजे साधारण विशी-बाविशीत, त्यांनी आपली छोटी आत्मचरित्रे लिहून दिली होती. अशा १८० जणींचे लेखन सुमारे साठ वर्षांनंतर तपासले गेले. ज्यांच्या लिखाणात आनंद, कृतज्ञता, आशा अशा भावना जास्त होत्या, त्या इतरांपेक्षा ७ ते १० वर्षे जास्त जगल्या होत्या. या सगळ्या जणी एकाच प्रकारच्या घरात राहत, सारखेच जेवत, कोणालाच विडी-दारूचे व्यसन नव्हते. म्हणून हा अभ्यास मोलाचा ठरला.

दुसरा अभ्यास ओहायो राज्यातील एका लहान गावाचा आहे. १९७५ साली पन्नाशीपुढच्या ६६० जणांना म्हातारपणाबद्दल त्यांचे मत विचारले गेले. "वय वाढले की माणूस निकामी होतो" असे न मानणारे, तसे मानणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे जास्त जगले.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१५ साली ब्रिटनमध्ये सुमारे सात लाख स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आधीपासूनचे आजारपण आणि धूम्रपान हिशेबात धरल्यावर, केवळ आनंदी असण्याने आयुष्य वाढते असे दिसले नाही. आजारी माणूस दुःखी असतो आणि आजारी माणूसच लवकर जातो, म्हणून दुःखामुळे मरण आले असे आपल्याला वाटते, असे त्या संशोधकांचे म्हणणे.

मग खरे काय? माझे मत असे की मन थेट जादू करत नाही, ते सवयींमार्फत काम करते. ज्याला उद्या उठून काही करायचे आहे, तो आज गोळी वेळेवर घेतो, चालायला जातो, दारूच्या दुकानावरून सरळ पुढे निघतो. ज्याला "आता माझे काय राहिले?" असे वाटते, तो हे सगळे सोडून देतो. आणि दुसरी गोष्ट माणसांची. २०१० साली १४८ संशोधनांचा एकत्र हिशेब झाला, त्यात तीन लाखांहून अधिक लोक होते. ज्यांचे घरच्यांशी, शेजाऱ्यांशी, मित्रांशी संबंध घट्ट होते त्यांची तगून राहण्याची शक्यता एकाकी लोकांपेक्षा सुमारे दीडपट निघाली. संध्याकाळी मंदिराच्या ओट्यावर बसणारी म्हातारी मंडळी वेळ वाया घालवत नसतात, एक प्रकारचे औषधच घेत असतात.

सिंदखेडराजाच्या जिजाऊ आपल्या जिल्ह्याच्या. ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, १७ जूनला जिजाऊंनी देह ठेवला. त्या वेळी त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. हा सोहळा पाहण्यासाठीच त्या थांबल्या होत्या असे लोक म्हणतात. शास्त्राला हे सिद्ध करता येणार नाही. पण ते ऐकून आपल्याला पटते, कारण कशासाठी तरी थांबलेली माणसे आपण आपापल्या घरातही पाहिलेली असतात.

एकशे चार वर्षांचा चालणारा माणूस

महाराष्ट्रात दीर्घायुष्याचे नाव घ्यायचे तर महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे घ्यावे. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा आणि मृत्यू ९ नोव्हेंबर १९६२ चा. वयाची ही १०४ वर्षे ऐकीव नाहीत.

त्यांचे आयुष्य सुखात गेले म्हणून ते इतके जगले असे कोणी म्हणू शकणार नाही. कोकणातल्या मुरुडचे गरीब घर. सतराव्या वर्षी परीक्षेसाठी भर पावसात घाट चढून शंभर मैलांहून अधिक चालत साताऱ्याला गेले, तर "वय लहान दिसते" म्हणून परत पाठवले. पहिली पत्नी वारली. १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा गावाने बहिष्कार घातला. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे आश्रम हिंगण्याला गेला, तेव्हा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून झाल्यावर पुण्याहून हिंगण्याची वाट ते पायी तुडवत, तीही अनेकदा ओझे घेऊन.

आता त्यांच्या उत्तरायुष्याचा पाढा वाचा. वयाच्या ५८ व्या वर्षी, ज्या वयात आपल्याकडे निवृत्तीचा नारळ मिळतो, त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. ७१ व्या वर्षी ते जगाच्या प्रवासाला निघाले. ७८ व्या वर्षी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवी संस्था काढली. ८६ व्या वर्षी समता संघ स्थापन केला. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. साधे जेवण, भरपूर चालणे आणि प्रत्येक दशकात नवे काम, असा हा क्रम आहे. आनंदी राहायचे म्हणून त्यांनी वेगळे काही केले नाही. त्यांना दुसऱ्या दिवशी काम होते, एवढेच.

आमच्या विदर्भातले एक उदाहरणही आहे. गडचिरोलीत आदिवासींसाठी काम करणारे डॉ. अभय बंग यांना १९९५ साली, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. सेवा करणारा, निर्व्यसनी माणूस, तरीही! त्यांनी आपल्या आहाराची, व्यायामाची, ताणाची झाडाझडती घेतली, दिनचर्या बदलली आणि हा सगळा अनुभव 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात लिहिला. चांगले काम करतो म्हणून शरीर माफ करत नाही, आणि झटका आला म्हणजे सगळे संपले असेही नाही, हे दोन्ही धडे त्यात आहेत.

सगळेच आपल्या हाती नाही

इथे एक इशारा दिलाच पाहिजे. सवयींची चर्चा करताना आजारी माणसालाच दोष देण्याची खोड आपल्याला लागते. पूर्णा नदीच्या खोऱ्यात संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या बाजूला खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरी-बोअरचे पाणी खारट, आणि मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार वर्षानुवर्षांची. तिथल्या माणसाला "पाणी भरपूर प्या" असे सांगून डॉक्टर मोकळा होऊ शकत नाही. तिथे आधी गोड पाण्याचा नळ लागतो. सवयी माणसाच्या असतात, पाणी मात्र व्यवस्थेने द्यावे लागते.

तसेच कर्जाचे. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली ज्या सहा जिल्ह्यांसाठी केंद्र सरकारला खास पॅकेज जाहीर करावे लागले, त्यांत आपला बुलढाणा होता. बोंडअळीने कापूस गेलेल्या, सावकाराचा निरोप आलेल्या माणसाला "मन प्रसन्न ठेवा" असे म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. त्याला भाव हवा, पाणी हवे, आणि ऐकून घेणारा माणूस हवा. एखादा माणूस जेवेनासा झाला, झोपेनासा झाला, बोलेनासा झाला, निरवानिरवीची भाषा करू लागला, तर "होईल ठीक" म्हणून सोडून देऊ नका. त्याच्याजवळ बसा, घरातले विषारी औषध दूर ठेवा, आणि त्याला डॉक्टरकडे न्या. शासनाची 'टेली-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मिळते, आणि मराठीत बोलता येते. मनाचा आजार हा आजारच आहे, त्याला औषध आहे.

उद्यापासून काय करावे?

१) तीस वर्षांवरील प्रत्येकाने रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. रक्तदाब वाढला तरी पुष्कळदा काहीच त्रास होत नाही, म्हणून "मला काही होत नाही" यावर विसंबू नका. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे वारंवार येत असेल तर उपचार लागतो. सुरू केलेली गोळी बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नका.

२) तंबाखू सोडण्याची तारीख ठरवा आणि ती घरच्यांना सांगा. पुडी आणि चुन्याची डबी त्याच दिवशी फेका. तलफ येते आणि काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ तोंडात बडीशेप किंवा लवंग ठेवा. पहिल्यांदा जमले नाही तर पुन्हा ठरवा.

३) रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चाला. छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

४) मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, एवढेच असावे. त्यात पापड, लोणचे, शेव-फरसाणातले मीठही धरायचे आहे.

५) आठवड्यातून चार दिवस तरी ताटात ज्वारीची भाकर येऊ द्या. तळलेले रोज नको, सणाला असू द्या.

६) रात्री ठरलेल्या वेळी झोपा, आणि मोबाईल उशाशी ठेवू नका.

७) घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रोज एक काम द्या. नातवाला शाळेत सोडणे, भाजी निवडणे, गोठ्यातली कालवड पाहणे, काहीही चालेल. "तुम्ही बसा, तुम्हाला काय करायचे?" हे वाक्य प्रेमाने म्हटले तरी ते हळूहळू माणसाला संपवते.

वाचकहो, ही सात कामे एकदम सुरू करू नका. एकदम सुरू केलेले एकदम बंद पडते. यातले जे सर्वांत सोपे वाटेल ते उद्या सुरू करा, महिनाभर टिकवा, मग दुसरे घ्या. या हिशेबाने सात महिन्यांत सातही अंगवळणी पडतील. शंभर वर्षांची हमी कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही, मीही देत नाही. पण शेवटची वर्षे खाटेवर न काढता आपल्या पायांवर काढण्याची शक्यता नक्की वाढते, आणि बहुतेकांना तेवढेच हवे असते.

पुढील आठवड्यात रक्तदाबाच्या गोळ्यांविषयीचे समज-गैरसमज पाहू. आपले प्रश्न नेहमीप्रमाणे पत्राने कळवावेत.